नाईट रायडरच्या गाडीचं मॉडेल: काळा रंग अन् नाकातला लाल लाईट

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. १/२४ च्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या) प्लास्टिक मॉडेलच्या बॉडीवर काळा स्प्रे खरखरीत कायले येते, अन् समोर नाकात इकडून तिकडं पळता लाल लाईट आर्डुइनो (प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड) न घेता होते का. दोन्ही नीट सांगतो, कारण या गाडीत बाकी थोडं कमीजास्त चालून जाते, पण काळा अन् लाल चुकला की ती नाईट रायडर या अमेरिकन टीव्ही सिरीयलमधली बोलणारी गाडी राहतच नाही, नुसती १९८२ ची पॉन्टिॲक ट्रान्स ॲम होते.

आधी कोणत्या सीझनची करायची ते ठरवा. सिरीयल १९८२ ते १९८६ चालली, तेवढ्यात गाडी बदलत गेली. सुरुवातीला गाडी बोलली की डॅशबोर्डवर लाल चौकोन लुकलुकायचा, तीन उभ्या पट्ट्या नंतर आल्या. मी तर पट्ट्याच करा म्हणेन, लोकांच्या डोळ्यात त्याच बसल्या आहेत. अन् आतल्या सीटा काळ्या करू नका, फिकट तपकिरी आहेत त्या.

आता रंग. तुम्ही मे महिन्यात भर दुपारी अंगणात मारला म्हणता, तिथंच झालं सगळं. ४४-४५ डिग्रीत स्प्रेचा थेंब बॉडीवर पोचायच्या आधीच हवेत वाळते अन् पिठासारखा बसते. पहाटे मारा, आधी जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ दबते. पावसाळ्यात वेगळंच, थिनर उडताना बॉडी गार पडते, हवेतली ओल तिच्यावर धरते अन् काळ्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून झडी लागली असली तर डबा हातातच घेऊ नका. अन् वेचणीनंतर ज्या खोलीत कापूस भरून ठेवता तिथं तर बिलकुल नको बाप्पा, ओल्या काळ्यावर रुई चिकटली की निघत नाही.

बाकी नेहमीचंच, भांड्याच्या साबणानं बॉडी धुवा, ग्रे प्रायमर, १००० चा पाणीपेपर, मग काळ्याचे पातळ पातळ हात. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा स्प्रे असला तर मॉडेलचे पार्ट ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिच्या उरलेल्या काडीवर आधी मारून पहा, काही डब्यांतला थिनर प्लास्टिक खाते. आठवडाभर वाळू द्या, मग २००० चा पेपर अन् रबिंग कंपाउंड. काचेला फेविक्विक लावू नका, वाफेनं काच धुरकट होते, तिथं फेविकॉलच बरं.

लाईटले आर्डुइनो लागतच नाही. एक ५५५ टायमर (ठराविक वेळानं ठोके देणारी चिप) अन् एक ४०१७ आयसी (प्रत्येक ठोक्याला पुढचं आउटपुट चालू करणारी चिप), तालुक्याच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडं विचारा, भेटून जाईल. ४०१७ ला दहा आउटपुट असतात अन् सहा एलईडी जाऊन-येऊन बरोबर दहाच पायऱ्या होतात: १-२-३-४-५-६-५-४-३-२. म्हणजे दोन टोकाचे एलईडी सरळ जोडायचे, मधल्या चौघांना प्रत्येकी दोन आउटपुट येतात, ते १एन४१४८ डायोडमधून (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट) घ्या, एकूण आठ डायोड. डायोड टाळू नका, नाहीतर एक आउटपुट चालू असताना त्याचा करंट दुसऱ्या बंद आउटपुटात घुसते. एका वेळी एकच एलईडी पेटते म्हणून सहांच्या मायनसला मिळून एकच १ के रेझिस्टर पुरते, ९ व्होल्टवर. ५५५ ला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, १० के रेझिस्टर अन् १०० के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) लावा, प्रीसेट फिरवून स्पीड डोळ्यानंच जुळवा. नाकातली फट बारीक आहे, तिथं ०६०३ साईजचे एसएमडी (दाण्याएवढे चपटे, बिनपायाचे) एलईडीच बसतील, अन् समोरून बटरपेपरची पट्टी लावा म्हणजे ठिपके ठिपके दिसणार नाहीत.

एक काम मात्र फिटिंगच्या आधी करा. नाकाच्या आतून काळ्या रंगाचे दोन-तीन जाड हात द्या. प्लास्टिक पातळ असते, रात्री लाईट लावला की बोनेटमधून लाल उजेड झिरपते अन् इतकी मेहनत वाया जाते. अंधारात टॉर्च लावून पहा, जिथून झिरपते तिथं परत हात मारा, मगच एलईडी चिकटवा. बॅटरी अन् सर्किट गाडीत कोंबू नका, गाडी ज्यावर ठेवाल त्या खालच्या लाकडी पाटात ठेवून तारा मागच्या चाकाजवळून वर घ्या. अन् चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) बॉडीला चिकटवू नका, दोन बारीक स्क्रूवर ठेवा, कधी एखादी तार सुटली तर उघडता आलं पाहिजे.