मेनफ्रेमवर नवीन आहे. व्हीएस कोडवरच सुरुवात केली तर चालेल का, की आधी हिरवी स्क्रीन शिकायला हवी? सिनिअर म्हणतात, आधी दोन वर्षं हिरव्या स्क्रीनवर काढ, मग बघू.

व्हीएस कोडवरच सुरुवात करा. आज करा. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्यांची मोठी मशीन, कोबॉल ही तिच्यावरची जुनी भाषा. हिरवी स्क्रीन म्हणजे तिचं फक्त कीबोर्डवर चालणारं जुनं टर्मिनल, त्यातला एडिटर आयएसपीएफ; व्हीएस कोड हा माउसने चालणारा नेहमीचा कोड एडिटर. "आधी दोन वर्षं हिरव्या स्क्रीनवर काढ, मग बघू" असं तुमचे सिनिअर म्हणतात, हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय. ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. जवळजवळ हेच वाक्य मी २०१२ साली भर मीटिंगमध्ये ऐकलंय, आणि त्या वेळी चूक माझ्याच हातून झालेली होती.

सेटअपचं आधी सांगते. दोन एक्स्टेन्शन पुरतात. झोवे एक्सप्लोरर हा मेनफ्रेमशी बोलणारा भाग. डेटासेट (मेनफ्रेमच्या फाइली), यूएसएस (तिथला युनिक्सचा भाग) आणि जॉब (मशीनला चालवायला दिलेलं काम) असे तीन ट्री डाव्या हाताला येतात. मेंबर (डेटासेटमधली एक फाइल) उघडायचा, बदलायचा, सेव्ह करायचा, राइट क्लिक करून जॉब सबमिट करायचा आणि स्पूल (जॉबचं आउटपुट) तिथल्या तिथे वाचायचा. दुसरं एक्स्टेन्शन कोबॉल समजणारं हवं. आयबीएमचं झेड ओपन एडिटर घ्या, नाहीतर ब्रॉडकॉमचं कोबॉल लँग्वेज सपोर्ट घ्या, पण दोन्ही एकदम लावू नका, एकमेकांच्या पायात येतात. समोरच्या मशीनवर झेडओएसएमएफ (बाहेरच्या टूलना मेनफ्रेमशी जोडून देणारी सेवा) चालू असायला हवं. होस्ट, पोर्ट आणि तुमच्या आयडीला लागणारी परवानगी सिस्टिम प्रोग्रामरकडून मागून घ्या, अंदाजाने भरू नका. पहिला प्रोग्राम उघडल्यावर अर्ध्या ओळींखाली लाल रेघा दिसतील. प्रोग्राम बरोबर असतो, एडिटरला कॉपीबुक (अनेक प्रोग्राममध्ये जोडली जाणारी फील्डच्या व्याख्यांची फाइल) सापडलेली नसते. ती कुठल्या लायब्ररीत आहे हे सेटिंगमध्ये सांगितलं की रेघा जातात.

ऑफिसचा आयडी मिळायला वेळ लागत असेल तर आयबीएमच्या झेड एक्सप्लोरवर नाव नोंदवा. फुकट आहे, खऱ्या झेडओएसवर (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) आयडी मिळतो, आणि तिथली पहिली पायरीच व्हीएस कोड आणि झोवे एक्सप्लोरर लावण्याची आहे. ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टने २०२० साली कोबॉलचा मोफत कोर्स काढला, तोही व्हीएस कोडवरच शिकवतो. तुमच्या सिनिअरांना एवढं सांगून बघा. ज्यांनी ही मशीन बनवली तेच नवीन माणसाला इथून चढवतायत.

आता २०१२. मी सांगलीहून बीएस्सी करून पुण्यात आले आणि पाच वर्षं कोबॉलवर होते. क्लायंट परदेशातली एक विमा कंपनी. त्या वर्षी आमच्या टीमला एक्लिप्सवर बांधलेलं एक ग्राफिकल टूल मिळालं. नऊ जणांच्या टीममध्ये ते मनापासून वापरणारी मी एकटीच. कारण साधं होतं. माझ्याकडे जो प्रोग्राम होता तो अकरा हजार ओळींचा, परफॉर्मच्या आत परफॉर्म, त्याच्या आत आणखी; परफॉर्म म्हणजे पॅराला, कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याला, बोलावणं. हिरव्या स्क्रीनवर एक पॅरा शोधायला गेलं की मी कुठून आले होते तेच हरवायचं. ह्या टूलमध्ये नावावर क्लिक केलं की पॅरा समोर यायचा आणि परतही येता यायचं. तो प्रोग्राम पाच वर्षांत पहिल्यांदा मला एका नजरेत दिसला.

बदल छोटा होता. नवीन कॉपीबुकमध्ये फीच्या एका फील्डचं नाव एका अक्षराने वाढलं होतं. मी फाइंड-रिप्लेस केलं, ६४ जागी बदल झाला, कंपाइल झीरोने आला, म्हणजे एकही एरर नाही, टेस्टिंगही पार पडलं. त्यातल्या एका ओळीवर फुलस्टॉप बरोब्बर ७२व्या कॉलमला होता. एक अक्षर वाढलं आणि तो ७३ला गेला. ७३ ते ८० मधलं कंपायलर वाचतच नाही. ती ओळ म्हणजे लॅप्स झालेल्या पॉलिसीला जादा फी लावणाऱ्या इफची शेवटची ओळ. जुना कोड, एंड-इफ नाही, इफ फक्त त्या फुलस्टॉपवर संपत होता. तो गेल्यावर खालचा अ‍ॅड, जो प्रत्येक पॉलिसीच्या येणे रकमेत फी मिळवायचा, तो इफच्या पोटात गेला. म्हणजे लॅप्स पॉलिसींचे आकडे बरोबर, बाकी सगळ्यांची फी गायब. आमच्या टेस्ट डेटात सगळ्या पॉलिसी लॅप्स झालेल्याच होत्या, कारण बदल त्यांच्यासाठीच होता असं आम्ही धरून चाललो होतो.

अ‍ॅबेंड आला असता, म्हणजे जॉब मधेच कोसळला असता, तर बरं झालं असतं. सॉक सेव्हन (आकड्याच्या जागी भलतंच काही असल्याची एरर) आला की निदान कुठेतरी बोट ठेवता येतं. इथे जॉब हिरवागार, आणि मंथ-एंडला कंट्रोल टोटल जुळेना. रात्री अडीचला फोन आला. मी सोर्स तीनदा वाचला. माझ्या टूलमध्ये फुलस्टॉप ठळक दिसत होता, ओळीच्या शेवटी, जिथे असायला हवा तिथेच. शेवटी कंपाइल लिस्टिंग काढलं, म्हणजे कंपायलरने सोर्स कसा वाचला त्याचा अहवाल. लिस्टिंगमध्ये सोर्सच्या डाव्या बाजूला पीएल आणि एसएल असे दोन अरुंद कॉलम असतात, त्यातला एसएल म्हणजे स्टेटमेंट किती खोल आहे त्याचा आकडा. अ‍ॅडच्या ओळीसमोर तिथे १ होता. तिथे काहीच नको होतं. मग वरच्या ओळीवर आले. लिस्टिंगच्या माथ्यावरच्या पट्टीत ७२नंतर एक उभी खूण असते, आणि माझा फुलस्टॉप त्या खुणेच्या पलीकडे बसला होता. पहाटेचे पावणेपाच वाजले होते. एंड-इफ घालून फिक्स पाठवला, चुकलेल्या पॉलिसी दुरुस्त करायचा वेगळा जॉब दुसऱ्या दिवशी लिहिला.

मीटिंग त्याच दिवशी दुपारी झाली. आमचे लीड, वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणाले, "कोबॉल माउसने लिहायचं नसतं. आयएसपीएफमध्ये चेंज ऑल दिलं असतं तर त्याने ओळ बदललीच नसती, समोर एरर दाखवली असती. आधी दोन वर्षं हिरव्या स्क्रीनवर काढायची, मग हे लाड." संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ डेस्कटॉपवरून ते टूल काढलं गेलं. मी एक शब्द बोलले नाही, कारण चूक माझी होती. पण ज्या डॉक्युमेंटवर त्या बदलाचा रिव्ह्यू झाला होता त्यात मी त्या ओळीचा आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट लावला होता, आणि खाली रिव्ह्यूअर म्हणून लीडचंच नाव होतं. ते मीटिंगमध्ये कुणी काढलं नाही. मीही नाही.

"एरर दाखवली असती" हे मात्र डोक्यातून जाईना. दोनेक आठवड्यांनी, टीम जेवायला गेली असताना, मी त्या मेंबरची जुनी कॉपी आयएसपीएफमध्ये उघडली आणि तोच चेंज ऑल दिला. ६४ जागी बदल झाला. एकाही ओळीवर एरर नाही. स्क्रीनच्या वर लिहिलेलं असतं, कॉलम १ ते ७२. ती ओळ बघितली तर फुलस्टॉप दिसेना, कारण तो ७३ला गेला होता आणि स्क्रीन ७२लाच संपते. एफ ११ दाबून उजवीकडे सरकले, तिथे होता बिचारा एकटा. मग प्रोफाइल, म्हणजे त्या एडिटरची सेटिंग, बघितलं. आमच्या अख्ख्या टीमच्या प्रोफाइलमध्ये नंबर मोड (ओळींना क्रमांक देण्याची सोय) ऑफ होता, त्यामुळे बाउंड्स, म्हणजे बदल जेवढ्या कॉलममध्ये करता येतो त्या हद्दी, १ ते ८० होत्या, आणि आयएसपीएफच्या हिशोबाने ७३वा कॉलम हा हक्काचा कॉलम होता. नंबर मोड कोबॉल आणि स्टँडर्ड दोन्ही ऑन करून परत केलं तेव्हा बाउंड्स ७ ते ७२ झाल्या, आणि त्या एका ओळीच्या डाव्या बाजूला एररची खूण आली. म्हणजे लीड म्हणत होते ती सोय खरी होती, पण आमच्यापैकी कुणाकडेच ती चालू नव्हती. त्यांच्याकडेही नव्हती. त्यांनी स्वतः हिरव्या स्क्रीनवर बदल केला असता तरी हाच गोंधळ झाला असता.

मी दोन्ही स्क्रीनच्या प्रिंट काढून त्यांना दाखवायला गेले. ते म्हणाले, "अगं, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात बघू." तो आठवडा आला नाही. पुढची चार वर्षं आमच्या टीममध्ये ते टूल आलं नाही. त्या काळात आलेल्या फ्रेशरपैकी दोन चांगली पोरं जावाकडे निघून गेली. जाताना एकाने मला सांगितलं, "मॅडम, कोबॉल अवघड नाही, पण इथे एफ ३ आणि एफ १२ चुकलं की माणसं हसतात." मला अजून वाईट वाटतं त्याचं.

म्हणून तुम्हाला सांगते, दोन वर्षं हिरव्या स्क्रीनवर काढल्याने मेनफ्रेम येत नाही. त्या दोन वर्षांत फंक्शन की हाताला बसतात. मेनफ्रेम येतं ते ८० बाइटचं रेकॉर्ड कसं पडतं, डेटासेट कसा अलोकेट होतो, जॉबची स्टेप रिटर्न कोड ४ने संपली की ८ने आणि त्याचा पुढच्या स्टेपवर काय परिणाम, स्पूलमध्ये कुठे बघायचं, लिस्टिंग कसं वाचायचं, ह्यातून. हे सगळं व्हीएस कोडमध्ये बसून शिकता येतं. लिस्टिंग कुठल्याही एडिटरमध्ये तेच असतं.

गेली काही वर्षं नवीन बॅचला मीच शिकवते. पहिल्या दिवशी सगळ्यांना व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये रूलर (कॉलम दाखवणारी उभी रेघ) लावायला लावते, ७ आणि ७२ला तर नक्कीच. टॅबऐवजी स्पेस पडतायत ना ते बघायला लावते. मग एका छोट्या प्रोग्राममध्ये मुद्दाम फुलस्टॉप ७३ला ढकलायला सांगते. कंपाइल झीरोने येतो, पोरं माझ्याकडे बघतात. मग लिस्टिंग उघडायचं आणि एसएलच्या कॉलमवर बोट ठेवायचं. जे कळायला माझी रात्र गेली ते त्यांना पंधरा मिनिटांत कळतं, आणि त्यासाठी कुणाला हिरव्या स्क्रीनवर बसवावं लागत नाही.

आता काही गोष्टी, ज्या मी आधीच सांगायला हव्या होत्या. झोवे एक्सप्लोरर पासवर्ड जपून ठेवतं. मेनफ्रेमवर पासवर्ड बदललात आणि इथे बदलला नाहीत तर ते जुनाच पासवर्ड पाठवत राहू शकतं आणि रॅकएफ, मेनफ्रेमची सुरक्षा व्यवस्था, तुमचा आयडी रिव्होक, म्हणजे बंद, करू शकतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा शुक्रवारी संध्याकाळी झाला होता, सोमवारपर्यंत बसून राहिली. तेव्हा पासवर्ड बदलला की पहिलं काम इथे बदलायचं. दुसरं, आयएसपीएफमध्ये एकाने मेंबर एडिटला उघडला की दुसऱ्याला तो वापरात आहे असं सांगून थांबवलं जातं. व्हीएस कोडमध्ये दोघंही उघडून बसू शकतात. सेव्ह करताना मधे बदल झालाय असं ते सांगतं, तेव्हा न वाचता ओव्हरराइट दाबू नका. ह्या बाबतीत हिरवी स्क्रीन खरंच बरी आहे. तिसरं, सोर्समध्ये चौकोनी कंस किंवा न दिसणारी हेक्स अक्षरं असतील तर एब्सिडिकमधून, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंचातून, येता-जाता ती बिघडू शकतात. कोड पेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, १०४७ आहे की ०३७ ते विचारून घ्या.

आणि हो, आयएसपीएफचं ३.४ (डेटासेटची यादी) आणि एसडीएसएफ (जॉब आणि स्पूल बघायची स्क्रीन) शिकाच. सीआयसीएसची (मेनफ्रेमवर ऑनलाइन व्यवहार चालवणारी प्रणाली) स्क्रीन तपासायला ३२७० एम्युलेटर, म्हणजे हिरवी स्क्रीनच, लागतोच, आणि मध्यरात्री झेडओएसएमएफ बंद पडलं तर तुमचं व्हीएस कोड काहीच करू शकणार नाही. रोज अर्धा तास दिलात तर महिन्याभरात जमेल. दोन वर्षं नाही लागत. तुमच्या क्लायंटकडे झेडओएसएमएफ उघडून द्यायलाच नकार असेल तर मात्र इलाज नाही, तोपर्यंत हिरवी स्क्रीन आणि घरी झेड एक्सप्लोर असं दोन्हीकडे करा.

सिनिअरांशी वाद घालू नका, मी घातला नाही तेच बरं केलं असं मला अजूनही वाटतं. फक्त एक करा. त्यांनी "आयएसपीएफ तुला चूक करूच देणार नाही" असं म्हटलं की त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या एडिट स्क्रीनवर प्रोफाइल ही कमांड टाकायला सांगा, आणि नंबर ऑन आहे की ऑफ ते दोघांनी मिळून वाचा.