ओव्हरहेड प्रेस ४० किलोंवर अडकला असेल तर काय करावे?

दोन महिने सराव करूनही आपला ओव्हरहेड प्रेस (उभे राहून बार खांद्यांपासून डोक्यावर उचलण्याचा व्यायाम) ४० किलोंच्या पुढे सरकत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते मूळ अडचण वजनवाढीच्या टप्प्यात आहे: १०० किलोंच्या स्क्वॉटमध्ये (बार खांद्यांवर घेऊन मारायच्या बैठकांमध्ये) अडीच किलो म्हणजे अडीच टक्के वाढ असते, परंतु ४० किलोंच्या प्रेसमध्ये तीच वाढ सव्वासहा टक्के होते, आणि खांदे व ट्रायसेप्स (दंडामागचे स्नायू) या तुलनेने लहान स्नायूंना ती एकदम पेलत नाही. म्हणून बारच्या दोन्ही टोकांना एकेक लावण्यासाठी अर्ध्या किलोच्या दोन प्लेट (वजनाच्या चकत्या) स्वतः विकत घ्याव्यात आणि एकेका किलोनेच पुढे जावे.

आठवड्यातून एकदाच प्रेस करत असाल, तर दोनदा करावा. एके दिवशी जड वजनाने तीन-तीन रेप्सचे (सलग उचलण्यांचे) पाच सेट (फेऱ्या), दुसऱ्या दिवशी हलक्या वजनाने आठ-आठ रेप्स. बार कपाळाशी अडकत असेल, तर तो चेहऱ्याला लागून सरळ वर न्यावा आणि कपाळ ओलांडताच डोके पुढे आणावे. नितंब व पोट घट्ट ठेवावे, कंबर मागे वाकवू नये. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर वेटलिफ्टिंगमधून प्रेस वगळला गेला, त्यामागे मागे झुकण्याबाबत पंचांना निर्णय देणे कठीण होणे हे एक मोठे कारण होते. मात्र खांद्यात दुखत असेल, तर वजन वाढवण्याआधी फिजिओथेरपिस्टला अवश्य दाखवावे.