दरडीतल्या मातीच्या पट्ट्यांवरून हजारो वर्षांपूर्वीचं हवामान खरंच कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत पिवळट मातीच्या मधोमध एक तांबूस पट्टा दिसला. सोबतच्या माणसाने 'ही हजारो वर्षांपूर्वीची जमीन आहे' असं सांगितलं. माती ती माती, तिच्यावरून तेव्हाचं हवामान कसं कळणार, हे तुम्हाला पटत नाही.

तो माणूस बरोबर असू शकतो. अशा दरडी खरवडण्यात मी बरेच दिवस घालवले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. वाऱ्याने आणून टाकलेली धूळ खालून वर साचत जाते, कालच्यावर आजची. माती घडते ती मात्र वरून खाली. पृष्ठभाग स्थिर राहिला, गवत उगवलं, मुळं आत गेली, पाऊस झिरपला, गांडुळांनी उलथापालथ केली, की त्याच धुळीची हळूहळू माती होते. म्हणजे दरडीतला पिवळा भाग सांगतो की तेव्हा धूळ येऊन पडत होती. तांबूस पट्टा सांगतो की ते पडणं थांबलं होतं, निदान इतकं मंदावलं होतं की मुळं आणि पाऊस त्याला पुरून उरत होते. माझ्या मते या विषयातलं निम्मं वाचन या एका फरकावर उभं आहे. हातभर पट्ट्यामागे दहा हजार वर्षं असू शकतात, आणि त्याच्यावरचा दोन पुरुष उंचीचा पिवळा थर त्याहून कमी वेळात पडलेला असू शकतो. जाडीवरून काळ मोजायला गेलात तर हमखास फसाल.

पण तो पट्टा खरोखर जुनी जमीन आहे हे कशावरून? नुसत्या रंगावर जाऊ नका, लोहयुक्त पाणी मुरूनही थर तांबडा होतो. पट्ट्याची खालची कड बघा. माती वरून खाली घडत असल्यामुळे ती खाली विरत विरत जाते, नेमकी कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही. वरची कड बरेचदा बऱ्यापैकी ठळक असते, कारण तिथे नव्या धुळीने जमीन गाडली गेली. दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर मला आधी शंका येते. मग ढेकूळ फोडून भिंगातून पाहायचं. मुळांच्या बारीक नळ्या दिसतात, कधी त्यांच्या भिंतींवर चिकणमातीचा चकचकीत लेप असतो. तो लेप पावसाच्या पाण्याने वरून वाहून आणलेला. बिळं करणाऱ्या प्राण्यांची भरून गेलेली बिळं तर लांबूनही ओळखू येतात, पिवळ्यात काळपट गोल ठिपके.

सगळ्यात बोलका भाग मात्र पट्ट्याच्या खाली असतो: चुन्याचे पांढरे खडे. पावसाचं पाणी वरचा चुना विरघळवून खाली नेतं आणि जिथे ते सुकतं तिथे चुना गोठतो. पाऊस कमी असेल तर खडे उथळ राहतात, जास्त असेल तर खोल जातात, आणि भरपूर असेल तर चुना पार धुऊन जातो. या खड्यांमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, तिथे उष्ण प्रदेशातली गवतं होती की झाडं-झुडपं, याचाही माग लागतो. गाडलेल्या गोगलगायींचे शंख आणि गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण याच कामी येतात.

आता धुळीकडे वळू. वाऱ्याने साचवलेल्या या पिवळ्या मातीला लोएस म्हणतात. हा शब्द जर्मनीतल्या ऱ्हाईनच्या खोऱ्यातून आला. कण बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या ते विसाव्या भागाएवढे, म्हणजे वाऱ्यावर दूर तरंगत जातील इतके हलके आणि पुन्हा खाली बसतील इतके जड. उगमाजवळ थर जाड आणि कण भरड असतात, दूर जावं तसे दोन्ही कमी होतात. त्यामुळे एकाच काळातला थर अनेक ठिकाणी मोजला की तेव्हाचा वारा कुठून कुठे वाहत होता ते नकाशावर काढता येतं. वाहून गेलेला वारा असा मोजता येतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

याचं सर्वात मोठं दप्तर चीनच्या लोएस पठारावर आहे. तिथल्या लुओछुआनच्या दरडीत सुमारे १३५ मीटर जाडीत लोएस आणि गाडलेल्या माती यांचे थर एकाआड एक येतात. अशा तीसहून अधिक माती तिथे मोजल्या आहेत. १९८२ मध्ये फ्रीडरिश हेलर आणि लिउ तुंगशंग या संशोधकांनी या थरांतल्या कणांची चुंबकीय दिशा मोजली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, शेवटचं असं उलटणं सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वीचं. त्या खुणा सापडल्यावर दरडीला वयाची मोजपट्टी मिळाली. आज या क्रमाची सुरुवात सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी मानतात. हिमयुगात सायबेरियाकडून येणारे थंडीतले कोरडे वारे जोरदार असत आणि धूळ पडे. मधल्या उबदार काळात उन्हाळी मॉन्सून आत शिरे, गवत वाढे आणि त्याच धुळीची माती होई. थरांचा हा क्रम समुद्रतळाच्या गाळातल्या ऑक्सिजनच्या नोंदींशी जुळतो, आणि त्या नोंदींवरूनही हिमयुगं आणि उबदार काळ ओळखता येतात.

पट्टे ओळखण्याचं तिथलं आवडतं साधन म्हणजे चुंबकग्राह्यता, म्हणजे चुंबकाजवळ नेल्यावर माती किती चुंबकित होते त्याचा आकडा. माती घडताना लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण तयार होतात, त्यामुळे मातीत आकडा वाढतो आणि लोएसमध्ये उतरतो. हे वाचून कुणी सगळीकडे तोच नियम लावू नये म्हणून मुद्दाम सांगतो: अलास्का आणि सायबेरियात नेमकं उलट दिसतं. तिथे जोरदार वाऱ्याने जड चुंबकीय कण आणून टाकले, आणि पाणी साचलेल्या थंड मातीत ते पुढे नष्टही झाले. एकच आकडा, दोन अर्थ. आकडा घेऊन टेबलावर बसण्याआधी माती हाताने चाचपून पाहावी, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो.

धूळ जमिनीवरच साठते असंही नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात ८,००,००० वर्षांची धूळ अडकलेली आहे, आणि हिमयुगांत तिचं प्रमाण उबदार काळाच्या सुमारे २५ पट दिसतं.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. माती नोंद ठेवते तशी खोडतेही. मुळं आणि गांडुळं जुने बारीक थर मिसळून टाकतात. पृष्ठभाग फार काळ उघडा राहिला तर कोरड्या काळातल्या जमिनीवर पुढे ओल्या काळाची छाप बसते, आणि आपण दोन हवामानं एकच समजून वाचतो. मधेच वाऱ्याने किंवा पाण्याने वरचा भाग खरवडून नेला असेल तर तेवढा काळ दरडीत नसतोच. म्हणून एका दरडीवरून निष्कर्ष काढू नये, शेजारच्या चार तरी पाहाव्यात.

वय कसं काढतात, हेही तुम्ही विचारलं आहे. धुळीतल्या क्वार्ट्झच्या कणांवर ऊन पडलं की त्यांच्यात साठलेली ऊर्जा निघून जाते. कण गाडला गेला की आसपासच्या किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत प्रकाश टाकून किती साठली ते मोजलं की कणाने शेवटचं ऊन केव्हा पाहिलं ते कळतं. १९८५ पासून ही पद्धत वापरात आहे. क्वार्ट्झवर ती साधारण एक लाख वर्षांपर्यंत चांगली चालते, त्यापुढे भरवसा कमी होत जातो.

तुमच्या दरडीपाशी पुन्हा गेलात तर पृष्ठभाग खुरप्याने इंचभर खरवडा, कारण बाहेरचा रंग फसवा असतो. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा आणि पांढरे खडे पट्ट्यापासून किती खाली सुरू होतात ते मोजा. वय काढण्यासाठी नमुना मात्र स्वतः खणून पिशवीत भरू नका. तो पोलादी नळी ठोकून, दोन्ही तोंडं लगेच बंद करून घ्यावा लागतो आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखाली उघडावा लागतो. ऊन लागलेल्या कणाचं घड्याळ त्या क्षणी शून्यावर येतं.