भंगारातली नोकरी आणि आईच्या दोन जन्मतारखा

तुझा लांबलचक निरोप वाचला. पुण्यात सात वर्षं प्रेशर व्हेसलचं, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांचं डिझाइन, नवरा सहकारी बँकेत, मुलगा तिसरीत, आणि डोळ्यांसमोर इंग्लंडमधलं सेलाफील्ड, जिथे जुन्या अणुकेंद्राची आवराआवर चालू आहे आणि मी काम करते. "ताई, सरकारी कंपनी आहे म्हणजे नोकरी पक्की ना? रेडिएशनचं काय? मुलाच्या शाळेचं कसं? आणि तिकडे एकटं वाटतं का?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण चार दिवस झाले, भांडी घासताना मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. म्हणून लिहूनच टाकते. वयाने मोठी आहे, अगं-तुगं करते.

व्हिसाचे प्रकार, पगाराची अट, आरोग्याचा अधिभार हे सगळं ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे आणि सारखं बदलतं. मी २०१४ मध्ये ज्या व्हिसावर आले त्याचं आता नावही उरलेलं नाही. ते तिथेच वाच. एजंटाचं ऐकू नकोस, मी ऐकलं होतं.

आधी नोकरीचं. काम संपेल ही भीती तुला नाही, तुझ्या नातवंडांनाही नाही. इथली आवराआवर २१२५ पर्यंत चालेल आणि तिला १३६ अब्ज पौंड लागतील, असा अंदाज २०२४ मध्ये इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्या अहवालात आला. माझे बाबा तारापूरला फिटर होते, सत्तरच्या दशकात लागलेले. दर फोनला विचारतात, "झालं का गं पाडून?" मी म्हणते, "अजून शंभर वर्षं, बाबा." ते म्हणतात, "मग सावकाश कर." सासरच्यांना डीकमिशनिंग, म्हणजे जुनं अणुकेंद्र साफ करून पाडणं, हे कधी समजावता आलं नाही. त्यांनी आपलं सोपं करून घेतलं, सून लंडनला भंगारात आहे. लंडन इथून दिवसभराच्या प्रवासावर आहे, पण भंगार तसं चूक नाही.

मात्र "सरकारी" या शब्दावर भाळू नकोस. मी आले तेव्हा सेलाफील्डचा कारभार खासगी कंपन्यांच्या एका गटाकडे होता. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने ते कंत्राट गुंडाळायचं ठरवलं आणि १ एप्रिल २०१६ पासून सेलाफील्ड लिमिटेड ही न्यूक्लिअर डीकमिशनिंग अथॉरिटीच्या थेट मालकीची कंपनी झाली. अथॉरिटी सरकारची, म्हणून कंपनी सरकारची. पण तिथे राबणाऱ्यांतले खूपसे लोक कंत्राटदारांचे असतात. तुझ्या-माझ्यासारखी बाहेरून आलेली बाई बहुतेक अशाच एखाद्या सल्लागार कंपनीच्या दारातून आत शिरते. सरकारने एखाद्या प्रकल्पाचा पैसा पुढच्या वर्षावर ढकलला की कंपनीच्या माणसाला दुसरं टेबल मिळतं आणि कंत्राटी माणसाला एक मेल. मला असे दोन मेल आले. दोन्ही वेळा निभावलं, पण व्हिसा त्याच कंपनीच्या नावाला बांधलेला असताना तो मेल उघडायला किती धीर लागतो, ते पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. क्लिअरन्स. साइटवरचं खरं काम हवं असेल तर सुरक्षा तपासणी पार पडावी लागते, आणि तिच्या वरच्या पायरीसाठी साधारण पाच वर्षं इथे राहिलेलं असावं असा संकेत आहे. म्हणजे अणुकचऱ्याचं काम करायला म्हणून आलेली मी मँचेस्टरकडच्या वॉरिंग्टनच्या ऑफिसात साडेपाच वर्षं पायऱ्यांचे कठडे, पाइपांचे आधार आणि ज्यावर कोणाचा आक्षेप नाही अशी ड्रॉइंगं करत बसले. ज्या इमारतीसाठी काम करतेय ती बघायला मिळाली नाही.

मग अर्ज भरायची वेळ आली. त्यात आई-वडिलांची पूर्ण नावं, आधीची नावं, जन्मतारीख, जन्मगाव. बाबांचं सोपं होतं. आईची शाळेतली जन्मतारीख १ जून, कारण त्या काळी गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनच दिली. बाबांच्या नोकरीच्या कागदात तिची तारीख १४ ऑगस्ट, ती कोणी आणि का घातली देव जाणे. माहेरचं नाव एक, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव दुसरं. शिवाय माझ्या डिग्रीवर आडनाव आधी, मग मी, मग बाबा. पासपोर्टात मी, मग नवरा, मग नवं आडनाव. तपासणीवाल्या बाईंचा फोन आला. अतिशय नम्र बाई. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या आई म्हणून या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का?" नाही हो, एकच आहे, लग्न झालं तिचं, एवढंच. नवरीचं पहिलं नावसुद्धा बदलतात हे सांगताना मला उगाचच लाज वाटली. आपण गुन्हा कबूल करतोय असा आवाज झाला होता माझा.

खरी जन्मतारीख विचारायला बोईसरला फोन लावला. आई म्हणाली, "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. साल आठवत नाही. का गं, वाढदिवस करणार आहेस?" मी चाळिशीची होते तेव्हा. त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

अर्जाच्या मागे जवळपास वर्ष गेलं. शेवटी क्लिअरन्स आला आणि आम्ही वॉरिंग्टन सोडून सेलाफील्डजवळच्या व्हाइटहेवनला आलो.

रेडिएशनबद्दल मला विचारू नकोस असं नाही, पण मी चुकीच्या घरात जन्मले. टॅप्स कॉलनीत, म्हणजे तारापूर अणुकेंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या पोरीला छातीवरचा रेडिएशन मोजणारा बॅज म्हणजे बाबांच्या शर्टाचा भाग वाटायचा. इथेही तोच बॅज, तेच बूट बदलायचं बाकडं, बाहेर पडताना हात-पाय मोजणारं तेच यंत्र. कायद्याने कामगाराला वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) एवढी मर्यादा आहे आणि माझ्यासारख्या टेबलावरच्या बाईचा आकडा त्याच्या आसपासही फिरकत नाही. गंमत सांगते, आपल्या तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आणि इथल्या काल्डर हॉल या अणुवीज केंद्राचं राणीने उद्घाटन केलं १७ ऑक्टोबर १९५६ ला. अप्सरेचं इंधनही ब्रिटनमधूनच गेलं होतं. म्हणजे सोयरीक जुनी आहे. सेलाफील्डचं जुनं नाव विंडस्केल. १९५७ ची तिथल्या अणुभट्टीची आग, किरणोत्सर्गाच्या भीतीने ओतून टाकलेलं दूध, पुढे बदललेलं नाव, हे तू वाचलं असशीलच. इथले म्हातारे त्याबद्दल आपण कोयनेच्या भूकंपाबद्दल बोलतो तसं बोलतात.

काम मात्र मनापासून आवडतं, हे खोटं सांगणार नाही. एक उदाहरण. इथे पाइल फ्युएल क्लॅडिंग सायलो नावाची काँक्रीटची उंच इमारत आहे, पन्नासच्या दशकातली. कॅनडातल्या धान्याच्या कोठारावरून तिचा आराखडा घेतला होता. सहा कप्पे, वरून कचरा टाकायचा. इंधनावरची सोलून काढलेली धातूची टरफलं आणि बरंच काही, तीन हजारांहून जास्त घनमीटर. बाहेर कसं काढायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. माझ्या आजीच्या मातीच्या कोठीलासुद्धा खाली भोक होतं, चिंधीचा बोळा घातलेलं, बोळा काढला की ज्वारी सुपात. या लोकांनी अणुबॉम्ब बनवायच्या घाईत बोळाच ठेवला नाही. आत हवा गेली तर पेट घेण्याची भीती, म्हणून कप्प्यांत आर्गॉन हा न पेटणारा वायू भरलेला. २०१७ पर्यंत सहाही कप्प्यांच्या भिंतीत भोकं पाडून जाडजूड दारं बसवली, आणि पहिला कचरा उपसला २०२३ मध्ये. सत्तर वर्षांनी बोळा निघाला. अशा ठिकाणी तुझं प्रेशर व्हेसलचं डोकं उपयोगी पडेल. पण पुण्यात आपण विचार करतो की हे चालेल कसं. इथे पहिला प्रश्न असतो, हे आत अडकलं तर माणूस न पाठवता सोडवणार कसं? एका पकडीच्या बोल्टवर आमची तीन आठवडे चर्चा चालली होती. आधी वैताग यायचा, आता घरी फ्रीजचं बिजागर बदललं तरी तोच विचार येतो.

माणसं चांगली आहेत, भाषा कळेपर्यंत धीर धर. पहिल्या दिवशी गेटवरचा उंच म्हातारा माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "ऑलराइट, मरा?" मी हबकले. आल्या आल्या मरा? मरा म्हणजे इकडे दोस्त. आणि लाल म्हणजे छोटा. "लाल लास" म्हणजे छोटी पोर. नवरा अजून मला फोनवर "काय मरा" म्हणतो.

नवऱ्याचं सांगायला हवं, कारण तुझाही बँकेत आहे. माझा पालघरला बँकेत होता, चांगला काउंटरवरून केबिनपर्यंत पोहोचलेला. वॉरिंग्टनला दोन वर्षं त्याने गोदामात रात्रपाळीला खोकी भरली. आता वर्किंग्टनला एका छोट्या फर्ममध्ये हिशोब लिहितो. तक्रार करत नाही. केली असती तर भांडून मोकळे झालो असतो. तुझ्या नवऱ्याला "आपण जाऊ" म्हणायला लावू नकोस. "मी तिथे काय करेन" हे त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत आधी ऐक.

शाळा. इथेच मी अडकणार हे मला माहीत होतं.

लेक सात वर्षांची होती, मराठी माध्यमात दुसरीत. इथे जन्मतारखेवरून वर्ग ठरतो, त्यामुळे ती थेट तिसऱ्या इयत्तेत. जवळच्या शाळेत जागा नाही म्हणून लांबच्या शाळेत. तिथल्या एका बाईंनी प्रेमाने सांगितलं, "घरीही इंग्लिशच बोला, म्हणजे ती लवकर रुळेल." नवरा म्हणाला, घरात तरी मराठी राहू दे. मी ऐकलं नाही. व्हिसा माझ्या नावावर, पगार माझा, सगळं पेलायचं होतं ते मला, असं काहीतरी डोक्यात होतं. मी फ्रीजवर तक्ता लावला. दिवसभर मराठी शब्द न वापरल्यास एक सोनेरी चांदणी. सात चांदण्या, एक आइस्क्रीम.

एका रात्री तिला ताप होता. झोपेतून उठून "आई, पाणी" म्हणाली. मी पेला धरला, ती दोन घोट प्यायली आणि विचारलं, "माझी चांदणी जाईल का?"

जाणार नाही म्हटलं. तक्ता मात्र सकाळी काढला नाही, आणखी चार महिने होता.

आज ती अठराची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते, तेही अस्सल कम्ब्रियन इंग्लिशमध्ये. आजोबा फोनवर विचारतात, "काय गं, जेवलीस का?" ती म्हणते, "आय हॅव, आजोबा." बाबांचा पुढचा प्रश्न इंग्लिशमध्ये तयार नसतो. मग ते "आईला दे" म्हणतात. आता इथलेच भाषातज्ज्ञ सांगतात की घरची भाषा सोडू नका, तिच्यामुळे दुसरी भाषाही पक्की होते. त्या बाई निवृत्त झाल्या असतील. त्यांचा राग येतो, पण तक्ता त्यांनी लावला नव्हता.

तुझ्या मुलासाठी एवढंच सांगते: पहिलं वर्ष तो शाळेत गप्प बसेल. बसू दे. तो त्याचा हक्क आहे. घरात मात्र भांड, ओरड, गोष्टी सांग, सगळं मराठीत. आणि वर्षाच्या मध्येच येणार असाल तर घर ठरवण्याआधी शाळेत जागा आहे का ते विचार. मी उलटं केलं होतं.

एकटं वाटतं का? वाटतं. सवय होते. मँचेस्टर-वॉरिंग्टनकडे मराठी मंडळी आहेत, गणपती बसतो, इकडे किनाऱ्याला फारसं कोणी नाही. पाऊस भरपूर, पण आपल्यासारखा गाजावाजा करत येत नाही, नुसता असतो. इथली आगगाडी समुद्राला इतकी खेटून जाते की भरतीला काचेवर पाणी उडतं. त्या गाडीत बसले की मला डहाणू लोकल आठवते, दोन्हींत काही साम्य नसताना.

यायचं का, हे मी सांगू शकत नाही. मला परत विचारलं तर मी येईन, आणि तो तक्ता लावणार नाही, पण असा सौदा कोणी देत नाही. आलीस तर वॉरिंग्टनमध्ये सुरुवात कर. मुलाखतीत थेट विचार की क्लिअरन्स मिळेपर्यंत मला नेमकं कोणतं काम देणार. उत्तर गुळमुळीत आलं तर समज. आणि तुझ्या डिग्रीवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि आईची जन्मतारीख यांचा मेळ आत्ताच लावून ठेव, तिथे असेपर्यंत सोपं आहे.

रविवारी फोन कर. इथले सकाळचे दहा म्हणजे तुमचे दुपारचे अडीच, ऑक्टोबर सरला की साडेतीन. मुलाला जवळ बसव. माझी लेक घरी असेल, तिच्याशी त्याला मराठीतच बोलायला सांग. ती इंग्लिशमध्ये उत्तर देईल. त्याने थांबू नये.