समुद्र संशोधन संस्थेसोबत पहिलं काम करताना

भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये समुद्रासाठी सेन्सर बनवताय आणि समुद्र संशोधन संस्थेसोबत काम करायचंय, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. पुण्याला समुद्र नाही म्हणून बिचकू नका. खडकवासल्याची सीडब्ल्यूपीआरएस ही केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून आहे आणि बंदरांची मॉडेल्स तिथे तपासली जातात.

आधी माणूस गाठा. गोव्याच्या एनआयओला (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) किंवा चेन्नईच्या एनआयओटीला (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था) ‘सहकार्य हवंय’ असं मोघम पत्र धाडू नका. तुमच्या विषयातल्या शास्त्रज्ञाचे दोन शोधनिबंध वाचा आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते चाचणीत. बादलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलं की खारटपणा जमतो, समुद्र नाही जमत. तिथे शेवाळ धरतं, मग बारीक शिंपले चिकटतात. माझं पहिलं यंत्र काही आठवड्यांतच आंधळं झालं होतं. त्यामुळे धक्क्यावर महिनाभर बुडवून ठेवायची परवानगी आधी मागा. आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात छोटी बोट नेणं विसराच. करारातल्या तारखा ऑक्टोबरनंतरच्या धरा.

डेटा कोणाचा, पेटंट कोणाचं, हे पहिल्याच कागदावर लिहून घ्या. शोधनिबंध छापणं हा शास्त्रज्ञांचा हक्क आहे, पण पेटंटचा अर्ज त्याआधी गेला पाहिजे. उलट झालं तर नावीन्याचा दावा बहुधा हातचा जातो.

रॉयल्टीची टक्केवारी वगैरे आत्ता नको. सहा महिन्यांचं छोटं काम मागा. पहिल्या भेटीला ब्रोशर नको, यंत्रच घेऊन जा.