आधी पंपरूम ओळख

फायर इंजिनिअर म्हणून लागलास, छान. पहिले सहा महिने ड्रॉइंगपेक्षा पंपरूममध्ये जास्त घालव. जॉकी पंप, म्हणजे लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा आपोआप सुरू होत असेल तर लाइन कुठेतरी गळतेय. पॅनेलचा स्विच 'ऑटो'वरच आहे ना, डिझेल पंपाची बॅटरी चार्ज आहे ना, हे स्वतः बघ. आवाजाला कंटाळून वॉचमनने 'मॅन्युअल'वर टाकलेले पंप मी किती पाहिलेत! छतावरच्या स्प्रिंकलरच्या तोंडाचा (हेडचा) लाल काचेचा बल्ब ६८ अंश सेल्सिअसला फुटतो आणि पाणी सुटतं. पण रंगाऱ्याने त्यावरही ब्रश फिरवला असेल तर भरवसा नाही, तो हेड बदलायलाच सांग. आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी-जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. शेवटच्या मजल्यावर पाणी सोडून प्रेशर पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नकोस, सोसायटीचे सेक्रेटरी कितीही चहा पाजोत.