भरीत पार्टी, तीही फ्लॅटमध्ये

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं सासर जळगावचं, आम्ही राहतो पुण्यात. यंदा थंडीत बारा-तेरा जणांना घरी बोलावून खास खानदेशी भरीत पार्टी करायची आहे. मुलांना निमंत्रणं हाताने बनवायची आहेत. पण शेत नाही, चूल नाही. जमेल का? सोबत नूडल्स, पिझ्झा असं काही ठेवावं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अगदी जमेल. आणि पिझ्झा मुळीच नको. भरीत पार्टीत भरीतच राजा असतं. त्याच्या बाजूला दुसरं काही मांडलंत की पार्टीची नुसती बुफे होते.

तारीख चंपाषष्ठीनंतरची धरा. चातुर्मासात वांगं न खाणारी मंडळी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच ते पुन्हा खायला लागतात. घरातली वडीलधारी माणसं मोकळ्या मनाने जेवतील.

वांगी मात्र भरताचीच आणा. माझं माहेर यावल तालुक्यातलं, बामणोदच्या वांग्यांवर वाढलेली मी, त्यामुळे याबाबतीत हट्टी आहे. फिकट हिरवी, पांढरट रेघांची, मोठी आणि बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगीच नाही. माणशी पाव किलो धरा, म्हणजे तीन-सव्वातीन किलो. शेतात आम्ही कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतो. तुम्ही गॅसवर जाळी ठेवून मंद आचेवर भाजा. देठापाशी सुरी सहज शिरली की झालं. सोसायटीच्या गच्चीवर जाळ करू नका.

भाजून सोलण्याचं काम पाहुणे यायच्या आधी उरका. ठेचण्याचं मात्र त्यांच्यासाठी राखून ठेवा, सगळी मजा तिथेच आहे. आमच्याकडे त्यासाठी बडगी, म्हणजे ठेचायचं लाकडी भांडं असतं. तुम्ही काठवट किंवा जाड बुडाचं पातेलं घ्या. मिक्सरला हात लावू नका, भरताचा लगदा होतो. मुलांसाठी दोन वांगी आधी वेगळी ठेचून काढा. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचून त्यात उरलेली वांगी घाला. वरून सढळ तेलाची फोडणी : शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून आणा, गिरणीवाल्याला दोन दिवस आधी सांगा. कच्चा कांदा, मुळा, दही, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. बस.

आता निमंत्रणं. मुलांना एक लांबट वांगं उभं चिरून द्या. कापलेला भाग फडक्याने कोरडा टिपायचा, ब्रशने घट्ट पोस्टर कलर लावायचा आणि जाड खाकी कागदावर दाबायचा. आतल्या बियांच्या रेषांसकट ठसा उमटतो, आणि प्रत्येक ठसा वेगळा! रंग फिकट हिरवाच हवा, जांभळा नको. जांभळं वांगं पाहून खानदेशी पाहुणा हिरमुसेल. ठशावरचा देठ मुलांनी स्वतः ब्रशने रंगवावा. छापलेलं ते वांगं अर्थातच टाकून द्यायचं.

मजकूर थोडका ठेवा. वर मोठ्या अक्षरात ‘जेवाले या’. खाली तारीख, पत्ता आणि वेळ. वेळेपुढे लिहा, ‘भरीत गरमच खायचं आहे, उशीर करू नका’. आणखी एक ओळ हवीच : ‘लसूण-मिरची भरपूर आहे, कुणाला चालत नसेल तर आधी कळवा’. तेवढ्यांचं साधं भरीत वेगळं करता येतं. शेवटी मुलांच्या अक्षरात, ‘मुसळ चालवायच्या तयारीने या’. हे वाचून आलेला पाहुणा सोफ्यावर बसून राहत नाही, थेट स्वयंपाकघरात येतो. ओटा आधीच मोकळा करून ठेवा, म्हणजे तिघं-चौघं तरी सहज उभे राहतील.

निमंत्रणं आठवडाभर आधी द्या, आणि शक्यतो मुलांनाच घरोघरी पाठवा.